बाळंतिणीचा शेक आणि कोल्ड स्टोरेज : इन्फ्रारेड हीटरचा धोका नेमका कुठे असतो?

पारिजात (धागाकर्ती) :

नमस्कार. एकाच वस्तूविषयी मला दोन वेगळ्या ठिकाणांसाठी माहिती हवी आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर वाघबीळला राहतो. मार्गशीर्षात माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे आणि तिच्या शेकावरून घरात आतापासूनच दोन तट पडले आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर ओवा-शेपांची धुरी यांना पर्याय नाही; त्यांची बाळंतपणे तशीच पार पडली आणि माझेही. परंतु ती सगळी कौलारू, वारा खेळणाऱ्या घरांत झाली होती. आता ज्या खोलीत हे व्हायचे आहे तिला सरकत्या काचांची एकच खिडकी आहे आणि तीही बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बंदच ठेवली जाईल. जावयांनी यावर भिंतीवर लावायचे इन्फ्रारेड पॅनेल सुचवले आहे, तर शेजारच्या ताईंनी औषधांच्या दुकानात मिळणारा लाल दिवा. पॅनेलच्या माहितीपत्रकात पेशींना चैतन्य देणारी ऊब वगैरे मजकूर आहे, त्यावर माझा विश्वास नाही. पण 'किरण म्हणजे एक्स-रेच की, ते बाळाच्या अंगावर कशाला' या सासूबाईंच्या प्रश्नालाही मला नीट उत्तर देता आलेले नाही.

दुसरी गोष्ट नोकरीतली. मी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये प्रशासन सांभाळते आणि तिथल्या सुरक्षा समितीवर आहे. उणे १८ अंशांच्या चेंबरमधून माल काढणारे लोडर बाहेरच्या खोलीत, म्हणजे आमच्या भाषेत अँटे रूममध्ये, अधूनमधून थांबतात. तिथे छताला हॅलोजन प्रकारचे इन्फ्रारेड हीटर लावावेत असा प्रस्ताव आला आहे. बैठकीत कामगारांच्या प्रतिनिधीने 'डोळ्यांना काही होणार नाही ना' असे विचारले, तेव्हा ठेकेदाराने 'ही नुसती उष्णता आहे' असे सांगून विषय मिटवला. मला तो मिटलेला वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भौतिकवेडा :

पारिजातताई, सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट देता येते. एक्स-रे, अतिनील किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरण ही सगळी विद्युतचुंबकीय प्रारणेच आहेत. फरक तरंगलांबीचा आणि त्यामुळे प्रत्येक कणाच्या ऊर्जेचा आहे. एक्स-रेच्या कणात अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून त्यामुळे पेशीतल्या डीएनएची मोडतोड होऊ शकते. अवरक्त किरणांच्या कणात ती क्षमता नाही. ते रेणूंना हलवतात, थरथरवतात, आणि त्यालाच आपण ऊब म्हणतो. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापी ठेवला आणि तो चढला. या किरणांचा शोध लागला तोच मुळी उष्णतेच्या खुणेवरून. तेव्हा एक्स-रेची भीती इथे लागू होत नाही. उष्णतेची भीती मात्र पुरेपूर लागू होते.

इन्फ्रारेड म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तू सारख्या नसतात, हे ठेकेदाराने सांगायला हवे होते. वस्तू जितकी तापलेली, तितकी तिच्या प्रारणाची प्रमुख तरंगलांबी कमी, असा वीनचा नियम आहे : २८९८ या संख्येला केल्व्हिनमधल्या (म्हणजे सेल्सिअस अधिक २७३) तापमानाने भागले की ती लांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मिळते. आपली त्वचा साधारण ९.५ मायक्रॉनच्या आसपास प्रारण करत असते, म्हणजे सासूबाई स्वतःही इन्फ्रारेडचा एक स्रोत आहेत. सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारे भिंतीवरचे पॅनेल ८ मायक्रॉनच्या जवळ येते. तांबडे लाल होणारी क्वार्ट्झची नळी सुमारे ९०० अंशांवर २.५ मायक्रॉनच्या आसपास, आणि पिवळसर झगमगणारा हॅलोजन हीटर, ज्याची तार २४०० केल्व्हिनच्या घरात तापते, तो १.२ मायक्रॉनला. या शेवटच्या, कमी लांबीच्या किरणांना शास्त्रज्ञ अवरक्त-अ म्हणतात (७८० ते १४०० नॅनोमीटर). ते त्वचेत काही मिलिमीटर आत शिरतात आणि डोळ्यात भिंग व दृष्टिपटलापर्यंत पोहोचतात. पॅनेलचे लांब किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात. म्हणून घरातल्या पॅनेलबद्दलचे उत्तर आणि कोल्ड स्टोरेजच्या हॅलोजनबद्दलचे उत्तर एकच असू शकत नाही.

शंकेखोर :

वरील प्रतिसादाशी सहमत. २०२० साली इमारतींच्या दारांत कपाळासमोर धरल्या जाणाऱ्या तापमापक बंदुकीने मेंदूला इजा होते असा संदेश ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या गटांवर फिरत होता, याची आठवण झाली. ते उपकरण किरण सोडत नाही, कपाळाने सोडलेले किरण मोजते. तरीही लोक मनगट पुढे करत होते.

चैतन्याच्या दाव्यांबद्दल एवढेच की, विजेवरचा कोणताही हीटर एका युनिटमागे एका युनिटचीच उष्णता देतो. पॅनेलचा खरा फायदा इतकाच की खोलीतली सगळी हवा तापण्याची वाट न पाहता समोरच्या माणसाला ऊब जाणवते. रक्तशुद्धी, विषद्रव्ये बाहेर काढणे वगैरे जे लिहिलेले असते त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

उपचारिका :

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अवरक्त दिव्याचा शेक हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे लाल दिव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वात आधी कोळशाची शेगडी. बंद खोलीत निखारे ठेवल्यावर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची लक्षणे बाळंतिणीत सहज थकवा म्हणून खपून जातात, आणि तान्ह्या बाळाला तर सांगताच येत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरने होणारे मृत्यू याच वायूमुळे होतात. विजेवरच्या इन्फ्रारेड उपकरणात काहीच जळत नसल्याने हा धोका मुळातच नाही, आणि माझ्या मते पारिजातताईंच्या घरी शेगडी नको म्हणायला एवढे एकच कारण पुरेसे आहे. धुरीसुद्धा बाळाच्या खोलीत नको. नवजात बाळाच्या श्वासनलिका धुरासाठी बनलेल्या नाहीत. सासूबाईंचा मान राखायचा असेल तर ओवा तव्यावर भाजून, पुरचुंडीत बांधून, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहून आईच्या पाठीला शेक द्यावा.

आता दिवा. दवाखान्यात आम्ही हा दिवा साधारण ५० ते ७५ सेंटिमीटर अंतरावर, तिरपा न ठेवता त्या भागाला काटकोनात, १० ते २० मिनिटे वापरतो. त्याआधी त्या जागी गरम-गार कळते की नाही हे दोन परीक्षानळ्यांनी तपासतो. ही तपासणी शिकवतात ती उगाच नाही : शेकाने भाजण्याच्या अनेक घटनांत माणसाला उष्णता जाणवतच नव्हती, असे निघते. मधुमेहाने बधिर झालेले पाय, लकवा झालेला हात, झोपेच्या गोळीचा अंमल, आणि तुमच्या संदर्भात सिझेरियनच्या टाक्यांभोवतीची जागा. तिथली त्वचा कित्येक महिने बधिर राहू शकते. लेकीचे सिझेरियन झाले तर पोटावर दिव्याचा शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पाठ आणि कंबर यांना हरकत नाही, मात्र शेक घेताना तिने झोपून जाऊ नये आणि दिव्याच्या थेट खाली तर कधीच असू नये. बल्ब फुटला किंवा पकड सैल झाली तर तो सरळ अंगावर येतो. चिमट्याने पलंगाला अडकवायचे स्वस्त स्टँड मला अजिबात पसंत नाहीत.

बाळाला मात्र शेक नकोच. अतिदक्षता विभागात बाळावर जे तापते उपकरण असते, त्याला बाळाच्या त्वचेवर चिकटवलेला संवेदक जोडलेला असतो आणि तोच उष्णता कमी-जास्त करतो; तरीसुद्धा त्याखाली बाळाच्या अंगातले पाणी कमी होते म्हणून परिचारिका हिशेब ठेवतात. घरच्या दिव्याला यातले काहीही नसते. ठाण्याच्या थंडीत बाळाला टोपडे, दुपटे आणि आईची कूस पुरते. कमी वजनाच्या बाळांसाठी आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याची जी पद्धत १९७८ साली बोगोटात सुरू झाली, ती आता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही शिकवतात. तिला वीज लागत नाही.

तारतंत्री :

माझा अनुभव वायरिंगचा आहे, म्हणून तेवढ्यावरच लिहितो. घरी वापरल्या जाणाऱ्या हीटरचा धोका किरणांपेक्षा प्लगमध्ये जास्त असतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपिअर ओढतो. आपल्या शयनगृहातल्या साध्या सॉकेटची मर्यादा ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॅट. लोक मोठ्या पिनला छोटा अडॅप्टर लावतात, तोही एक्स्टेन्शन बोर्डवर, ज्यावर आधीच मोबाइलचे चार्जर आणि डासांची वडी लागलेली असते. पहिला अर्धा तास काही होत नाही. मग सॉकेटमधली पितळी पात तापते, तिचा ताण जातो, पकड सैल होते, आणि सैल पकडीमुळे ती आणखी तापते. जळका वास येतो तेव्हा प्लास्टिक वितळायला लागलेले असते. एमसीबी इथे वाचवत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

तेव्हा ताई, पॅनेल घ्यायचे असेल तर ६०० ते ८०० वॅटचे घ्या, ते १६ अँपिअरच्या, लोक ज्याला अजून पंधराचा प्लग म्हणतात, त्या स्वतंत्र पॉवर पॉइंटवर लावा, आणि त्या खोलीच्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना ते पाहा. वस्तूवर आयएसआयचे चिन्ह असावे. खोली तापवण्याच्या उपकरणांसाठी आयएस ३०२ या मानकाचा स्वतंत्र भाग आहे. चिन्हाऐवजी नुसते परदेशी अक्षरांचे स्टिकर असेल तर विक्रेत्याला परवाना क्रमांक विचारा. हीटरने खोलीतला ऑक्सिजन जळतो असेही पुष्कळ जण सांगतात. विजेच्या हीटरमध्ये ज्वलन नसते, ऑक्सिजन जळत नाही. हवा तापल्याने ती कोरडी वाटते आणि घसा सुकतो, इतकेच.

ऐरोलीकर :

सर्वांचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडे थंडी पडते किती दिवस? घेतलेला हीटर पौषात आठ-दहा रात्री वापरला जातो आणि नंतर माळ्यावर जातो. तो पुन्हा खाली येतो तो आषाढात, कपडे वाळवायला. घरात लहान बाळ असेल तर लंगोट आणि दुपटी यांना खाडीकाठच्या दमट हवेत चार-चार दिवस वास येतो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मग हीटरसमोर खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर लंगोट, आणि घरातले सगळे झोपलेले. माझ्या मते ठाणे आणि नवी मुंबईच्या घरांत इन्फ्रारेड हीटरचा सर्वात मोठा धोका हाच आहे, आणि माहितीपत्रकात थंडीचेच चित्र असल्याने त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तारतंत्री :

ऐरोलीकर यांनी लाखमोलाचे लिहिले आहे. हीटरपासून पडदे, गादी, कपडे निदान एक मीटर लांब हवेत, आणि तापत्या पृष्ठभागावर कापड टाकणे तर सर्वस्वी वर्ज्य. पॅनेल ९० अंशांचे म्हणून सुरक्षित असे समजू नये : त्यावर टॉवेल टाकला की उष्णतेला बाहेर जायची वाट राहत नाही आणि आतले तापमान चढत जाते. चांगल्या पॅनेलमध्ये अशा वेळी वीज तोडणारी व्यवस्था असते, स्वस्तात ती असेलच असे नाही. क्वार्ट्झच्या तापलेल्या नळीवर ओल्या कपड्याचे पाणीही ठिबकू देऊ नये. कपडे वाळवायचे असतील तर पंखा आणि किंचित उघडी खिडकी यांचीच जोडी बरी, नाहीतर कपड्यांतले पाणी खोलीतच राहून भिंतींना बुरशी धरते.

न्हाणीघरात लावण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर शॉवर आणि नळापासून ६० सेंटिमीटरच्या आत काहीही नको, आणि त्याबाहेरही निदान आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन करणारेच उपकरण, तेही दोरी ओढून किंवा बाहेरच्या स्विचने चालणारे.

रबाळे कोटिंग :

आमचा रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंगचा छोटा कारखाना आहे. तिथे भाग १८० ते २०० अंशांवर भाजले जातात आणि भट्टीच्या तोंडाशी इन्फ्रारेडच्या नळ्या आहेत. वर्षानुवर्षे माणसे काम करत आहेत, कुणाच्या डोळ्यांची तक्रार नाही. त्यामुळे कोल्ड स्टोरेजच्या दोन-चार हीटरचा इतका बाऊ करावा असे मला वाटत नाही. आमच्याकडे खरी काळजी हवेत उडणाऱ्या पावडरची घ्यावी लागते, कारण तापलेल्या नळीजवळ तिचा ढग झाला तर तो पेट घेतो. म्हणून बाहेर काढणारा पंखा चालू असल्याशिवाय नळ्या सुरूच होणार नाहीत अशी इंटरलॉकची जोडणी केलेली आहे.

नोंदवही :

मी कारखाने निरीक्षणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. रबाळ्याच्या मित्रांनी इंटरलॉक केला हे योग्यच आहे, पण तक्रार नाही म्हणजे इजा नाही असा अर्थ काढता येत नाही. काचेच्या आणि पोलादाच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांना होणारा मोतीबिंदू वैद्यकात फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, आणि तो आठवड्यात नव्हे, तर बहुधा दहा-वीस वर्षांच्या कामानंतर येतो. तोवर माणूस ती नोकरी सोडून गावी गेलेला असतो आणि तिथला डॉक्टर वय झाले म्हणून शस्त्रक्रिया करतो. आपल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अवरक्त प्रारणाने होणारा मोतीबिंदू व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदवलेला होता; तो तिथे उगाच आलेला नव्हता. भट्टीच्या तोंडाकडे रोज टक लावून पाहणाऱ्याला अवरक्त किरण अडवणारा चष्मा द्यावा. साधा काळा गॉगल नको, कारण तो दृश्य प्रकाश कमी करून बाहुली मोठी करतो आणि अवरक्त किरण आत जाऊ देऊ शकतो.

तुर्भ्याच्या प्रस्तावाबद्दल मला डोळ्यांपेक्षा इतर तीन गोष्टींची अधिक चिंता वाटते.

कोल्ड स्टोरेजच्या भिंती आणि छत बहुधा पफ पॅनेलचे, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले असते. तो फोम जळतो, आणि जळताना विषारी धूर सोडतो. आग पत्र्यांच्या आत धुमसत पुढे सरकते, बाहेरून पाणी मारून ती सापडत नाही. अशा छताला हॅलोजन हीटर थेट टांगणे किंवा त्याची वायर फोमला भोक पाडून, नळी न घालता नेणे मी कदापि मान्य करणार नाही. हीटर लोखंडी चौकटीवर, छतापासून उत्पादकाने सांगितलेले अंतर राखून लावावा, आणि त्याच्या झोतात पुठ्ठ्याची खोकी किंवा प्लास्टिकची गुंडाळी येऊ नये.

दुसरी गोष्ट अमोनियाची. आपले शीतकरण अमोनियावर चालते का? हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया झाला तर तो पेटू शकतो आणि त्याचे स्वयंज्वलन तापमान सुमारे ६५० अंश आहे. हॅलोजनची तार त्याहून कितीतरी अधिक तापलेली असते. गळतीचा वास येताच माणूस पळतो, हीटर मात्र तसाच चालू राहतो. म्हणून अमोनिया शोधणाऱ्या यंत्राला हीटरची वीज आपोआप तोडण्याची जोडणी हवी.

तिसरी गोष्ट माणसाच्या बोटांची, आणि ती बैठकीत कुणाच्याच डोक्यात येत नाही. उणे १८ मधून आलेल्या लोडरची बोटे बधिर असतात. तो हातमोजे काढून हात हीटरच्या जवळ, आणखी जवळ नेतो, कारण त्याला काही जाणवत नसते. ४४ अंशांची उष्णता सुमारे सहा तासांत त्वचा जाळते, ६० अंशांची काही सेकंदांत. बधिर हाताला दोन्हींतला फरक कळत नाही. उपचारिका यांनी गरम-गारच्या तपासणीबद्दल जे लिहिले तेच इथे लागू आहे. हीटर हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर हवा.

पारिजात :

सर्वांचे मनापासून आभार. नोंदवही काका, आमच्याकडे अमोनियाच आहे, आणि अँटे रूमच्या छताला पफ पॅनेलच आहे. प्रस्तावातला आराखडा हीटर थेट छताला दाखवतो, जमिनीपासून अडीच मीटरवर. प्रत्येक हीटर २००० वॅटचा. म्हणजे तो आराखडा मी परत पाठवणार, हे नक्की. पण डोळ्यांचा प्रश्न ज्या कामगाराने विचारला त्याला मला आकड्यांत उत्तर द्यायचे आहे. अशी काही मर्यादा कुठे लिहिलेली आहे का?

भौतिकवेडा :

आहे. अ-आयनकारी (अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर न काढणाऱ्या) प्रारणापासून संरक्षणाचे काम पाहणारा आयसीएनआयआरपी हा आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत डोळ्याच्या पारपटलासाठी (कॉर्नियासाठी) आणि भिंगासाठी, एक हजार सेकंदांहून जास्त काळ पडणाऱ्या अवरक्त किरणांना प्रति चौरस मीटर १०० वॅट ही मर्यादा दिलेली आहे, आणि ती ३ मायक्रॉनपर्यंतच्या लांबीला लागू आहे. आयोगाच्या १९९७ च्या मार्गदर्शिकेत गारठ्यात ऊब देण्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या स्रोतांना थोडी सूट होती : १० अंशांना सुमारे ३०० वॅट आणि शून्य अंशाला ४०० वॅट. कारण गार हवेत डोळ्याची उष्णता लवकर निघून जाते.

आता ठोकळ हिशेब. २००० वॅटपैकी १७०० वॅट किरणांच्या रूपात खाली आले असे धरू. साध्या पसरट परावर्तकासाठी थेट खालची तीव्रता म्हणजे १७०० भागिले पाय (३.१४ हा गणितातला स्थिरांक), भागिले अंतराचा वर्ग. माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर अंतर उरते एक मीटर, आणि तीव्रता निघते सुमारे ५४० वॅट. हे शंभराच्या पाचपटींहून जास्त आहे, आणि शून्य अंशाच्या सवलतीतही बसत नाही. हीटर साडेतीन मीटरवर नेला तर अंतर दोन मीटर होते आणि तीव्रता चौथ्या हिश्श्यावर, १३५ वर येते. परावर्तक अरुंद झोताचा असेल तर आकडा वाढेल. अर्थात हे हीटरकडे तोंड वर करून पाहत राहणाऱ्या डोळ्याचे गणित आहे. पुढे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर भुवया आणि पापण्यांची सावली असते आणि फार थोडा भाग आत शिरतो. ठाण्यातल्या भर दुपारच्या उन्हात प्रति चौरस मीटर हजारेक वॅट पडतात, त्यातले निम्मे अवरक्त असतात, पण आपण सूर्याकडे पाहत राहत नाही, हाच तो भेद.

म्हणून त्या कामगाराला सांगता येईल : त्याची शंका खरी आहे, अडीच मीटरची उंची चुकीची आहे, आणि उंची वाढवून हीटर समोरून नव्हे तर पाठीमागून, तिरपा लावला तर डोळ्यांचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

घरच्या पॅनेलचा हिशेबही करून टाकतो. ६०० वॅटच्या पॅनेलमधून समोर साधारण ३६० वॅट किरण येतात असे धरले तर दीड मीटरवर तीव्रता ५० च्या आसपास येते, आणि त्यातला ३ मायक्रॉनखालचा भाग शंभरात एकही नाही. डोळ्यांच्या दृष्टीने त्या पॅनेलचा विचार सोडून द्यावा.

रबाळे कोटिंग :

हिशेब पटला. आमच्या भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस अर्ध्या मीटरवर असतो आणि नळ्या त्याच्या तोंडासमोरच असतात, हे आता वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. नोंदवही काका, चष्मा मागवताना नेमके काय सांगावे?

नोंदवही :

अवरक्त गाळणीच्या चष्म्यांसाठी ईएन १७१ हे युरोपीय मानक होते, आता त्याच्या जागी ईएन आयएसओ १६३२१ आले आहे. त्याचा क्रमांक काचेवर किंवा चौकटीवर कोरलेला असतो, तो पाहून घ्या. पण त्याआधी भट्टीच्या तोंडाला पत्र्याचा आडोसा किंवा साखळ्यांचा पडदा लावता येतो का ते पाहा. चष्मा आठ तास नाकावर राहत नाही, पत्रा राहतो.

पारिजातताई, तुमच्या व्यवस्थापनासमोर मी एक पर्यायही ठेवीन. अँटे रूम तापवू नये. तिथली ऊब शेवटी चेंबरमध्येच शिरते आणि काँप्रेसरला जास्त काम पडते. त्याऐवजी बाहेर एक छोटी विश्रांतीची खोली करावी, विटांच्या भिंतींची, तिथे भिंतीवर उंच लावलेले मध्यम तापमानाचे पॅनेल, बसायला बाक आणि गरम चहा. आत किती वेळ काम आणि बाहेर किती वेळ विश्रांती, हे पाळीच्या तक्त्यात लिहून घ्या. ते लिहिलेले नसेल तर घाईच्या दिवशी सुपरवायझर ती खोली गोदाम म्हणून वापरायला लागतो, आणि हीटरसमोर पुन्हा खोकीच येतात. काही अडले तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आराखडा दाखवून सल्ला मागता येतो. त्यासाठी अपघात व्हायची वाट पाहावी लागत नाही.

शंकेखोर :

काश्मिरातली कांगडी विसरू नये. फिरन या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांचे मडके वर्षानुवर्षे पोटाशी धरल्याने त्वचेवर जाळीदार काळपट डाग पडतात आणि काहींना पुढे त्याच जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहे. तिथेही किरणांचा काही गूढ परिणाम नसून एकाच जागी रोज, खूप काळ दिलेला शेक एवढेच कारण आहे. हीटरसमोर तासन्‌तास पाय धरून बसणाऱ्या आजी-आजोबांच्या नडग्यांवर तसेच जाळीदार डाग दिसले तर हीटर मागे सरकवावा.

पारिजात :

शंकेखोर, ही माहिती सासूबाईंना सांगितल्यावर त्यांनी आधी स्वतःच्याच नडग्या पाहिल्या.

घरी असे ठरते आहे : शेगडी नाही, बाळाला शेक नाही, लेकीच्या कमरेला दवाखान्यात विचारून दिवा, आणि पॅनेल ६०० वॅटचे, बाळाच्या पाळण्यासमोरच्या नव्हे तर बाजूच्या भिंतीवर. ओव्याची पुरचुंडी सासूबाईंच्या ताब्यात. तारतंत्री काका, एक शेवटचा प्रश्न. ती भिंत बाहेरची आहे आणि पावसाळ्यात तिला ओल येते. तिथे पॅनेल लावले तर चालेल का?

तारतंत्री :

नको. ओल्या भिंतीत जोडणीच्या डब्यात पाणी शिरते, आणि सगळा हंगाम पॅनेल बंद असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. मग मार्गशीर्षात पहिल्यांदा बटण दाबताच आरसीसीबी पडतो, आणि तो नसेल तर पॅनेलच्या धातूच्या चौकटीत करंट उतरतो. आतल्या कोरड्या भिंतीवर लावा, किंवा पायांवर उभे राहणारे घ्या, पण ते पडल्यावर आपोआप बंद होणारे असावे. थंडीत पहिल्यांदा सुरू करण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि आरसीसीबीवरचे 'टी' अक्षराचे बटण दाबून पाहा. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. पडला नाही तर पॅनेल लावू नका, आधी आरसीसीबी बदला. पॅनेलचा टायमरही बसल्या जागी हाताला लागेल असा ठेवा, कारण रात्री बाळाला घेऊन बसलेल्या माणसाला पाळण्यापलीकडे जाऊन बटण बंद करणे होत नाही.